काळी गाडी धुतल्यावर कोरडी कशी करायची? रंगावर जाळं पडलंय

काळी_चिमणी

नमस्कार मंडळी. दसऱ्याला गाडी घेतली. घरात सगळे पांढरी घे म्हणत होते, मी हट्टानं काळी घेतली. शोरूममधून थेट जोतिबा, गुलाल-खोबरं, चांगभलं, सगळं रीतसर झालं.

परवा रात्री पेट्रोल पंपावर रांगेत होतो. वरच्या एलईडीचा उजेड बॉनेटवर पडला आणि त्या उजेडाभोवती गोल गोल बारीक रेषा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मान हलवली की जाळंही सोबत सरकतं. घरी येऊन मोबाईलचा टॉर्च लावला तर छत, दारं, डिकी, सगळीकडे तेच. गाडीला अजून पाच महिनेसुद्धा झालेले नाहीत.

माझी पद्धत: दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास अंगणात बोअरच्या पाण्यानं पाईप मारतो, शाम्पू लावतो, परत पाईप. मग ते नळीत मिळणारं पिवळं कापड असतं ना, ओलं असताना मऊ आणि वाळलं की पापडासारखं कडक, त्यानं दाबून पुसतो. उन्हात असल्यामुळे पटकन वाळतेही. एवढं करून पांढरे ठिपके राहतात ते राहतातच.

हे ओरखडे धुताना पडतायत की पुसताना? आणि पाणी पुसायची बरोबर रीत कुठली?

---

मंगळवारपेठी

भावा, काळी गाडी म्हणजे पैलवान पाळल्यासारखं आहे, रोज खुराक आणि रोज मालिश. माझी राखाडी आहे, महिन्यातून एकदा पाऊस धुतो. पाऊस नसला की तशीच. नाद सोड.

---

शिरोली_फाटा

वरच्या भावाकडे लक्ष देऊ नका, आमच्याच पेठेतला आहे.

मी फाउंड्रीत आहे, घासणं हाच धंदा, म्हणून सांगतो. त्या रेषा गोल नसतात. सगळ्या दिशांनी आडव्यातिडव्या असतात, पण उजेडाच्या भोवती ज्या आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवर तेवढेच ओरखडे असतात, फक्त मालकाला सुखानं झोप लागते.

आता रंगाचं बघा. पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकरचा थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तुमचं जाळं आहे ते याच थरात. कापडानं लॅकर कापत नाही हो. कापड आणि लॅकर यांच्यामध्ये जो कण सापडतो तो कापतो. पाण्यानं कधी ओरखडा पडत नाही.

आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करताना, माणूस ग्राइंडर धरतो तेव्हा बाहेर उभ्या गाड्यांवर काय बसत असेल विचार करा. लोखंडाची भुकटी आणि साच्याची वाळू. कामावरून सुटल्यावर एकजण रोज खिशातल्या रुमालानं काच आणि बॉनेट झटकायचा. दीड वर्षात बॉनेट असं झालं की ढगाळ वातावरणातसुद्धा ओरखडे दिसायचे.

तुमचं ते पिवळं कापड सपाट असतं. त्याला केस नाहीत, त्यामुळे कणाला आत शिरायला जागाच नाही. कण कापडाच्या खाली अडकतो आणि तुम्ही दाबून ओढता. सँडपेपर वेगळा काय असतो?

---

काळी_चिमणी

बापरे. म्हणजे मी दर रविवारी बारीक सँडपेपर मारत होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. लिहायला जरा अवघड वाटतंय. आबा, म्हणजे वडील, रोज सकाळी दूध घेऊन आले की गाडीवरची धूळ पुसतात. कोरडीच. जुन्या बनियननं. त्यांना गाडीचं कौतुक फार. चकचकीत करून मग चहा घेतात.

---

शिरोली_फाटा

सापडला आरोपी.

---

गडहिंग्लजची_सून

अहो, असं एकदम नका म्हणू, वडील आहेत त्यांचे. आमच्याकडे सासरे गाडीला रोज नमस्कार करतात आणि मग उपरण्याच्या टोकानं आरसा पुसतात. काय बोलणार?

मूळ प्रश्नाकडे येते. मी पाणी ‘पुसणं’ जवळजवळ बंद केलंय. शेवटचं पाणी मारताना पाईपचं नोझल काढून टाकायचं. फवारा नको. पाईपचं तोंड छतापाशी धरून पाणी नुसतं वाहू द्यायचं, सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. फवाऱ्यानं हजार थेंब बसतात, पण असं एकसंध पाणी सोडलं की ते पदरासारखं सरकत खाली येतं आणि आधीचे थेंबही सोबत घेऊन जातं. गाडीवर वॅक्स असेल तर बघायला मजा येते. छत आणि बॉनेट बरंचसं कोरडं होतं, हात न लावता. पाईप नसेल तर तांब्यानं ओता. धार बारीक, भांडं जवळ.

उरलेल्यासाठी मोठा, जाड, केसाळ मायक्रोफायबर टॉवेल. पसरायचा, वरून तळव्यानं अलगद थोपटायचं, उचलायचा, पुढे ठेवायचा. बाळाला न्हाऊ घातल्यावर टिपतो तसं. बाळाला कुणी खसाखसा पुसतं का?

---

मंगळवारपेठी

आमच्या आजीनं आम्हाला खसाखसाच पुसलंय ताई. म्हणून तर असं झालंय.

---

इचलकरंजी_कांडी

कापडावर बोलायला आलो, तो आमचा प्रांत.

मायक्रोफायबर म्हणजे काय तर एक डेनिअरपेक्षा बारीक धागा. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनिअर. म्हणजे नऊ किलोमीटर धागा आणि वजन एका ग्रॅमच्या आत. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) एकत्र काढून तो तंतू पुढे फोडतात, त्यामुळे त्याला फटी पडतात. पाणी शिरतं ते त्या फटींत. पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं ते याच दोघांचं प्रमाण. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. पाणी टिपायला जाड आणि लांब केसाचा घ्या. पातळ, भांडी पुसायच्या मापाचा नको.

आता घरचं कापड. बनियन होजिअरीचं, मऊ लागतं, पण सपाट. आमच्याकडे मशीन पुसायला बनियनचं वेस्ट किलोवर मिळतं. त्यानं यंत्र पुसा, गाडी नको. सोलापुरी टॉवेलबद्दल लोक विचारतात. टॉवेल वाईट नाही, त्याला दोरे उभे असतात. पण नवा टॉवेल पाणी पीतच नाही, दोनतीन धुण्यांनंतर सुधारतो. आणि त्याची दुमडून शिवलेली किनार व लेबल, हे खरे गुन्हेगार. मायक्रोफायबरलासुद्धा लेबल असतं. पहिल्याच दिवशी उसवून काढा, कात्रीनं कापून टोक ठेवू नका.

धुण्याचं महत्त्वाचं: सुती कपड्यांबरोबर मायक्रोफायबर धुवायचा नाही, सगळी लव ओढून घेतो. कपडे मऊ व्हायला जे कंडिशनर घालतात ते अजिबात नको, त्याचा थर फटींत बसतो आणि टॉवेल पाणी टिपायच्या ऐवजी ढकलायला लागतो. उकळतं पाणी नको, इस्त्री तर नकोच. आणि टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो मेला. झटकून परत वापरायचा मोह होतो, मलाही होतो. वापरायचा नाही.

---

कळंबा_बोअर

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल कुणीच बोललं नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ६०० दाखवतो, म्हणजे एका लिटरमध्ये ६०० मिलिग्रॅम. धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरू, तर ३०० मिलिग्रॅम, चिमूटभर. पण ती चिमूट हजारो थेंबांत वाटलेली असते आणि प्रत्येक थेंब आपापली कडा सोडून जातो. दर रविवारी एक चिमूट. त्यात तुम्ही सकाळी दहाला उन्हात धुता. पत्रा तापलेला, थेंब मिनिटात वाळतो. असे ठिपके दिवसेंदिवस उन्हात तापत राहिले तर लॅकरवर खड्डा पाडतात, मग नुसत्या धुण्यानं जात नाहीत.

म्हणून वेळ बदला. सकाळी सातच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर, सावलीत. पत्र्याला हाताची पालथी बाजू लावून बघा, गार लागला तरच पाणी. एकेक भाग संपवत जा. शक्य असेल तर शेवटच्या दोन बादल्या नळाच्या वापरा. आमच्याकडे नळाच्या पाण्याला हा त्रास बोअरपेक्षा खूपच कमी आहे.

बसलेल्या ठिपक्यांना पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, मऊ कापड भिजवून ठिपक्यावर अर्धा मिनिट ठेवायचं, चोळायचं नाही, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. गार पत्र्यावरच. यानं वॅक्सही निघू शकतं, तेव्हा नंतर परत लावा.

---

काळी_चिमणी

सर, घरी आरओ आहे. त्याचं वाया जाणारं पाणी मी बादलीत साठवतो आणि शेवटी तेच मारतो, फिल्टरचं आहे म्हणून!

---

कळंबा_बोअर

अरेरे. उलटं झालं की. आरओ जे क्षार काढतो ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यात जातात. बोअरपेक्षा ते जास्त जड. त्यानं अंगण धुवा, संडासात ओता. गाडीला शेवटचा हात त्याचा नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चांगलं, ते हवेतल्या वाफेचं असतं, क्षार जवळपास नसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं तेही चालेल, एका फवाऱ्याच्या बाटलीत भरून काचा आणि आरशांपुरतं.

---

कारखाना_रोड

आमच्या बाजूला साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की सकाळी गाडीवर काळी काजळी. हात लावला की वाटतं नुसती राख, मऊ. पण बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळलेल्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचंच भावंड. मी एकदा पिसाऱ्यासारख्या डस्टरनं झटकून काढली होती. डस्टर काळा झाला, बॉनेटवर अर्धगोल उमटले, अजून आहेत.

आता उसाच्या हंगामात कोरडं काहीच करत नाही. आधी नुसतं पाणी, वरून खाली, पाच मिनिटं. मग शाम्पू, दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. त्या साध्या बादलीच्या तळाला शेवटी काय साठतं ते एकदा बघा, पोटात गोळा येतो. धुतानाच कण निघाले नाहीत तर पुसणारा कितीही हळू पुसो, काही उपयोग नाही.

---

जुनी_जीप

माझ्याकडे वडिलांच्या काळातली जीप आहे. पुसलं की कापडाला हिरवा रंग लागतो. तरुण मंडळी घाबरतात. जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर वरचा लॅकर नसायचा, त्यामुळे रंगाची भुकटी कापडावर येते. नव्या गाडीच्या कापडाला रंग लागला तर मात्र घाबरा.

आम्ही फार विचार करत नाही. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर आहे, हवा मारतो, संपलं.

---

शिरोली_फाटा

जीपला चालतंय, काळ्या नव्या गाडीला नको. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं आणि तेलाची वाफही. लाईनला फिल्टर नसेल तर नोझलमधून बारीक तेलकट फवारा येतो, उन्हात बघा, काचेवर इंद्रधनुष्य दिसतं. शिवाय नोझल पत्र्याला लागलं की टवका.

त्यापेक्षा एसी साफ करायचा हातातला ब्लोअर घ्या, हजार-दीड हजारात येतो. तिरपा धरायचा, वरून खाली, आणि जमिनीकडे तोंड करायचं नाही, नाहीतर अंगणातली तांबडी माती उडून ओल्या गाडीवर बसते. खरा फायदा फटींचा. आरसे, दाराच्या मुठी, पेट्रोलचं झाकण, नंबर प्लेट, दिव्यांच्या कडा, ब्रँडची अक्षरं. गाडी कोरडी झाली म्हणून तुम्ही आत जाता आणि दहा मिनिटांनी आरशाखालून ओघळ उतरलेला असतो, तो इथला.

---

काळी_चिमणी

ओघळावरून आठवलं! जोतिबाहून आल्यावर पहिल्यांदा धुतली तेव्हा गाडी स्वच्छ, कोरडी, फोटोसुद्धा काढले. संध्याकाळी बघतो तर दोन्ही आरशांखाली आणि मागच्या नंबर प्लेटखाली गुलाबी ओघळ. आई म्हणाली देवानं टिळा लावला. दोन महिने प्रत्येक धुण्याला गुलाबी पाणी यायचं. दाराच्या रबरात अजून आहे.

---

गडहिंग्लजची_सून

हे सगळ्यांचं होतं! गुलाल कोरडा असताना ओलं कापड लावायचंच नाही, त्याचा रंग होतो आणि तो फटीत मुरतो. आम्ही पूजा झाली की डोंगरावरच दारं, डिकी, बॉनेट उघडून नुसती हवा खाऊ देतो. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग भरपूर पाणी, मग शाम्पू. रबराला जुना टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी. आणि दारं उघडून आतल्या चौकटी वेगळ्या जुन्या कापडानं टिपा. तेच कापड परत बॉनेटवर नाही.

हो, पुसून झालं की एक चक्कर मारा, रंकाळ्यापर्यंत का होईना. ब्रेकच्या डिस्कवर पाणी राहिलं की तासाभरात तांबूस गंज दिसतो. दोनचार वेळा ब्रेक दाबले की जातो, काळजीचं नाही, पण पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सर्व्हिस सेंटरला फोन केला होता.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर

माझा अनुभव फक्त एकाच गोष्टीचा. सोसायटीत महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारा होता. एक बादली, एक फडकं, पहाटे वीस गाड्या. माझा नंबर सतरावा. म्हणजे सोळा गाड्यांची माती माझ्या बॉनेटवरून फिरायची. त्याला दोष नाही, त्याला तेवढंच दिलं होतं. मी दोन टॉवेल आणि माझी बादली त्याच्याकडे ठेवली आणि कोरडं पुसायचं नाही एवढंच सांगितलं. शंभर रुपये वाढवून दिले, खुशीनं करतो.

आता पडलेल्या जाळ्याचं: पॉलिश करून जातं, पण पॉलिश म्हणजे तोच क्लिअर कोट थोडा थोडा काढून सपाट करणं. मोजकाच थर आहे, दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणारे लोक पाहिलेत, पाचसहा वर्षांत कडांना रंग पातळ दिसायला लागतो. आधी धुण्या-पुसण्याची सवय बदला, सहा महिने जाऊ द्या, मग एकदाच चांगल्या माणसाकडून. आणि सिरॅमिक कोटिंग मारलं की ओरखडे पडतच नाहीत असं कुणी सांगितलं तर हसून निघून या. पाणी लवकर घरंगळतं, पुसायला कमी लागतं, एवढाच फायदा धरा.

---

मंगळवारपेठी

मंडळी, सगळं वाचलं. राखाडी गाडीवर टॉर्च मारून बघितला. उगाच बघितला.

---

काळी_चिमणी

पुढच्या रविवारचा वृत्तांत.

पावणेसातला सुरुवात, ऊन भिंतीच्या पलीकडे होतं. पाच मिनिटं नुसतं पाणी, दोन बादल्या, शेवटच्या दोन बादल्या नळाच्या. साध्या पाण्याच्या बादलीत तळाला खरंच तांबडा गाळ होता, बोटानं चोळला तर करकरला. नोझल काढून पाणी सोडलं तेव्हा छतावरून पाणी एका कडेनं सरकत आलं आणि मागे कोरडं काळं दिसलं, मीच टाळी वाजवली. मग ब्लोअर, मग टॉवेलनं थोपटणं. एकंदर पाऊण तास, पूर्वी वीस मिनिटं लागायची. ठिपके नाहीत. जाळं आहे तसंच आहे, पण नवीन पडलं नाही असं समजतो.

आबांचं कसं सांगावं हे कळत नव्हतं. त्यांना रात्री अंधारात बोलावलं आणि टॉर्च मारून दाखवला, कुणी केलं ते बोललो नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बनियन काढून आत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन आले आणि गाडीपाशी नुसते उभे राहिले, हाताला काम नाही. मला कसंतरीच झालं. म्हणून रविवारचं शेवटचं पाणी त्यांच्याकडे दिलं. पाईप त्यांना आवडत नाही, तांब्यानं ओततात, छताच्या मधोमध, धार न तोडता.

---

गडहिंग्लजची_सून

अभिषेकच की हो.

---

काळी_चिमणी

ते पण तेच म्हणाले. फक्त आता तांब्या पितळेचा घेतलाय आणि त्याचा काठ छताला लागेल की काय या काळजीनं मी शेजारी उभा असतो. प्लास्टिकचा मग द्यायचा म्हटलं तर ऐकत नाहीत. काही उपाय?

---

इचलकरंजी_कांडी

तांब्याच्या गळ्याला सुती कापडाची चिंधी घट्ट बांधा, काठाच्या बाहेर बोटभर येईल अशी. दर रविवारी धुतलेली.

---

मंगळवारपेठी

बनियनची चालंल. तेवढंच आबांना बरं वाटंल.